जिन्यातला घुमारा : एका रॉक गाण्याच्या चित्राच्या नोंदी

३ जून

गाणं ठरलं. ब्रिटिश रॉक बँड लेड झेपेलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', म्हणजे 'बांध फुटतो तेव्हा'. १९७१ च्या नोव्हेंबरात आलेल्या त्यांच्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं, सात मिनिटांहून जरा मोठं. कॅनव्हास सहा फूट बाय चार फूट, उभा. माध्यम ॲक्रिलिक.

स्वतःला घातलेल्या अटी : पाणी दिसता कामा नये. बांध, लाट, पाऊस, बुडालेली छपरं, काहीही ओळखू येता कामा नये. गिटारचा आकार, ड्रमच्या काठ्या, मॉनिटरवर दिसते तसली ध्वनिलहरींची रेघ, हे तर अजिबात नको. तरीही गाणं माहीत असलेला माणूस चित्रासमोर उभा राहिला की त्याच्या छातीवर तोच दाब आला पाहिजे.

उभा कॅनव्हास एवढ्यासाठी की आडव्या चौकटीत डोळा आपसूक क्षितिज शोधतो. वर फिकं, खाली गडद असं काहीही टाकलं की झाला देखावा. आणि गाणं पुराचं आहे म्हटल्यावर तो देखावा नदीचाच होणार.

५ जून

गाणं मुळात लेड झेपेलिनचं नाही. मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या जोडप्याने ते जून १९२९ मध्ये न्यू यॉर्कमध्ये रेकॉर्ड केलं. त्यामागे १९२७ चा मिसिसिपीचा महापूर आहे. २१ एप्रिल १९२७ रोजी माउंड्स लँडिंगपाशी बांध फुटला. त्या पुरात एकूण सुमारे २७,००० चौरस मैल जमीन पाण्याखाली गेली आणि सहा लाखांवर माणसं बेघर झाली. ग्रीनव्हिल गावात हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं त्याच बांधाच्या अरुंद माथ्यावर तंबू ठोकून राहिली. त्यांच्यातल्या पुरुषांकडून बंदुकीच्या धाकाने वाळूची पोती वाहून घेतली गेली. पुढे दक्षिणेतून शिकागोसारख्या उत्तरेच्या शहरांकडे जे मोठं स्थलांतर झालं, त्याला या पुराने आणखी रेटा दिला.

दोन्ही रेकॉर्डिंगं आज पाठोपाठ ऐकली. १९२९ च्या रेकॉर्डिंगमध्ये दोन गिटार आणि जोचा आवाज, एवढंच. ड्रम नाही. मिनीची बोटं तारांवर इतकी चपळ चालतात की पाय हलायला लागतो. शब्द जवळजवळ तेच आहेत : पाऊस थांबत नाही, बांध टिकणार नाही, राहायला जागा उरणार नाही. पण ऐकताना वाटतं, हा माणूस गाठोडं बांधून निघालाय, चालता चालता गातोय. १९७१ चं गाणं मात्र जागचं हलत नाही. कोणी कुठे निघालेलं नाही. जे काही येतंय ते समोरून येतंय आणि आपण उभेच.

म्हणजे मूड शब्दांत नाही. माझ्या कामाला हा मोठाच आधार आहे. शब्द तेच राहून मनःस्थिती उलटी होऊ शकत असेल, तर शब्दांमधलं पाणी मला रंगवायची गरजच नाही. १९२९ ते १९७१ यांत जे बदललं तेवढंच रंगवायचं.

६ जून

मी सांगलीचा. शेजारच्या दादांना विषय सांगितला तर लगेच म्हणाले, "मग आयर्विन पूल काढ की! पंचेचाळीस फुटाची खूण काढ, लोकांना लगेच कळतंय."

लगेच कळतंय, हीच तर अडचण. आयर्विन पुलापाशी मोजतात ती कृष्णेची धोक्याची पातळी इथे शाळकरी पोरांनाही पाठ असते. २०१९ चा पूर प्रत्येकाच्या फोनमध्ये अजून आहे, आणि कित्येक भिंतींवर गाळाची रेघही. चित्रात कुठेही मातकट तपकिरी आला की इथला माणूस तिथे स्वतःचं घर बघणार, आणि ते बरोबरच आहे. पण मग ते चित्र या गाण्याचं राहत नाही. म्हणून तपकिरी बाद. रॉ अंबर, बर्न्ट सिएना, दोन्ही ट्यूबा कपाटात ठेवल्या. कोणीतरी नदीकाठचा गाळच रंगात मिसळायचं सुचवलं होतं, तेही बाद. असल्या युक्त्यांनी चित्राशेजारच्या पाटीवर वाचायला छान मजकूर मिळतो, एवढंच.

८ जून

दिवसभर हेडफोन लावून तक्ता केला. कागद आडवा, त्यावर डावीकडून उजवीकडे मिनिटं.

सुरुवात नुसत्या ड्रमने. माझ्या मोजणीने मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके, म्हणजे शांत बसलेल्या माणसाच्या नाडीच्या आसपास. मग हार्मोनिका आणि स्लाइड गिटार. गायक मिनिटभर उलटून गेल्यावर येतो. गाणं बराच काळ एकाच स्वरावर ठाण मांडून राहतं, तंबोऱ्यासारखं. मध्ये सूर बदलून थोडं वर उचललं जातं, तिथे क्षणभर श्वास घेता येतो, आणि पुन्हा खाली. शेवटी सगळा आवाज डावी-उजवीकडे घुसळायला लागतो. गायकाचा आवाज तेवढा मधोमध जागेवर राहतो.

तक्ता सुंदर झाला, चित्रासाठी त्याचा थेट उपयोग शून्य. कॅनव्हासवर वेळ डावीकडून उजवीकडे जात नाही. माणूस अख्खं चित्र एका नजरेत बघतो आणि मग हवं तिथे भटकतो. सात मिनिटांचा क्रम मांडायला गेलो तर भिंतीवर आडवी धावणारी चित्रपट्टी तयार होईल. पण तक्त्यातून एक गोष्ट हाती लागली : गाण्यात घटना फार थोड्या आहेत. त्या ठोक्यांच्या मधली जागा प्रचंड आहे.

११ जून

ती जागा खरोखरची जागा आहे. इंग्लंडच्या हँपशरमधलं हेडली ग्रेंज नावाचं जुनं घर, १७९५ मध्ये गरिबांसाठीचं कामघर म्हणून बांधलेलं. बँडने तिथे मुक्काम ठोकला होता, आणि अंगणात रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ उभा होता. बँडचा ड्रमर जॉन बॉनमचा ड्रमसेट दिवाणखान्याबाहेरच्या उंच हॉलमध्ये, जिन्याच्या पायथ्याशी मांडला. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने दोन बायरडायनॅमिक एम-१६० माइक जिन्याच्या वरच्या कठड्यावरून खाली सोडले. ड्रमच्या तोंडाशी माइक नाही. सगळा आवाज वरून, लांबून, घराच्या पोकळीतून घेतलेला. मग तो कॉम्प्रेसरमधून, म्हणजे आवाजाचे चढ-उतार आवळणाऱ्या यंत्रातून, दाबला आणि बिन्सन एकोरेक या इटालियन यंत्रातून त्याला प्रतिध्वनी दिला. पायाच्या ठोक्यामागे जो दुसरा ठोका धडपडत येतो, तो त्या यंत्राचा.

आणखी दोन करामती. एक, टेपचा वेग कमी केलेला आहे. त्यामुळे वाद्यांचा स्वर खाली उतरला आणि सगळ्यालाच एक चिकट जडपणा आला. दोन, हार्मोनिकाला उलटा प्रतिध्वनी आहे. टेप उलटी फिरवून त्यावर प्रतिध्वनी मुद्रित करायचा आणि मग टेप सरळ करायची. ऐकताना आधी प्रतिध्वनी येतो, मागून मूळ सूर.

या तीन गोष्टी लिहून भिंतीवर लावल्या : पोकळी, संथ केलेली टेप, आधी सावली मग वस्तू. १९२९ आणि १९७१ मधला फरक बराचसा इथे आहे. चित्रात यांच्यासाठी तीन वेगळे हात लागतील.

१४ जून

मिरजेचा ड्रमर मित्र. त्याला म्हटलं, "मला तो जिना ऐकायचाय." तो म्हणाला, "अरे, मग जिना शोध, ड्रम मी आणतो." त्याच्या ओळखीच्या एका बांधकामावर रविवारी काम बंद असतं. तळमजल्यावर किक आणि स्नेअर मांडले. मी तिसऱ्या मजल्यावर, कठड्याला टेकून. भिंतींना अजून गिलावा नव्हता.

वरून जे ऐकू आलं ते टिपून ठेवतो, कारण चित्र इथेच अर्धं ठरलं. काठी कातड्यावर आपटण्याची 'टक्' वर पोचतच नाही. जवळ उभं राहिलं की ठोक्याला धार असते, वर आल्यावर धार जाऊन नुसतं वजन उरतं. ठोका नेमका कुठून आला ते कळत नाही. जिन्याचा अख्खा पोकळ खांबच वाजल्यासारखा होतो. आणि ठोका संपल्यावर लगेच शांतता होत नाही. घुमारा जिना चढत वर येतो, विरतो, आणि तो पुरता विरायच्या आत पुढचा ठोका.

मित्राला जलद वाजवायला सांगितलं. सगळा चिखल झाला. ठोके एकमेकांत मिसळून नुसती गडगड. म्हणजे इतक्या मोठ्या पोकळीत वाजवायचं तर लय विलंबितच हवी. जागाच लय ठरवते. तो खालून ओरडला, "असल्या खोलीत भरणा करून चालत नाही रे, सोडावं लागतं!" बॉनमच्या वाजवण्यातही तेच आहे, असं त्याचं मत. हाताला एवढा जोर असून तो या गाण्यात जवळजवळ काहीच नक्षीकाम करत नाही.

वॉचमन काकांना चहा पाजून परत.

१५ जून

ठरलं ते असं :

कॅनव्हासवर मोठे आकार चारच्या वर नकोत. प्रत्येक आकाराला एकही कडा पूर्ण कापीव नको, अपवाद फक्त हार्मोनिकाच्या खुणांचा. आकारांच्या मधला भाग हीच खरी रंगवायची गोष्ट, म्हणजे आठ-दहा थरांचं काम तिथे, आकारांवर नाही.

१८ जून

काळा. बाजारात काळ्याच्या तीन ट्यूबा मिळतात आणि तिन्ही वेगळे आहेत. आयव्हरी ब्लॅक किंचित उबदार, थोडा पारदर्शक. मार्स ब्लॅक लोहाचा, घट्ट झाकणारा, बोथट. कार्बन ब्लॅक निळसर आणि सगळ्यांत खोल. पट्ट्या काढून वाळवल्या. पोकळीसाठी आयव्हरी ब्लॅकचे पातळ थर, ठोक्यांसाठी मार्स. कार्बन नको, तो भोक पाडतो, आणि मला भोक नकोय, हवा भरलेली खोली हवी आहे.

काळ्याच्या बाबतीत फ्रेंच चित्रकार पिएर सूलाज डोळ्यांसमोर ठेवतोय. १९७९ पासून पुढे त्याने अख्खे कॅनव्हास काळ्याने भरले, पण रंगाला चर आणि सपाट पट्टे दिले, त्यामुळे बघणारा चालतो तसा काळ्यावरचा उजेड बदलतो. तो म्हणायचा की आपलं साधन काळा नाही, काळ्यावरून परतणारा उजेड आहे. घुमारा म्हणजे तरी दुसरं काय, भिंतीवरून परतलेला ठोका. म्हणून पोकळीच्या थरांमध्ये आलटून-पालटून मॅट आणि ग्लॉस मीडियम वापरणार. समोरून बघितलं तर सपाट काळोख, बाजूने सरकलं की आतल्या भिंती दिसायला लागतील.

हार्मोनिकासाठी पिवळा ऑकर आणि आयव्हरी ब्लॅक. दोन्ही मिळून शेवाळी हिरवा होतो, आजारी वाटणारा. त्या वाद्याचा आवाजही तसाच आहे, गंज चढलेला.

२१ जून

ठोक्यांचे आकार. इथे संथ केलेल्या टेपचा प्रश्न येतो. मोठ्या पुट्टीच्या पट्टीने जाड रंग हळूहळू ओढून बघितला. जड दिसतो, पण मेलेला जड. त्यात प्रहार नाही. संथ टेपची गंमत अशी की वाजवणाऱ्याने मूळ ठोका पूर्ण वेगाने, दणकून मारलेला असतो. आपण तो ताणून ऐकतो. वेग आत कोंडलेला राहतो.

याला चित्रातला तोडगा सापडला तो अमेरिकन चित्रकार फ्रांझ क्लाइनमुळे. त्याची काळी-पांढरी चित्रं एका झटक्यात मारल्यासारखी वाटतात, पण बरीचशी टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांवर केलेल्या छोट्या रेखाटनांवरून मोठी केलेली आहेत. पांढराही नुसता सोडलेला नाही. काळ्यावर चढून रंगवलेला आहे. म्हणून मीही जुन्या हिशेबाच्या वहीची पानं घेतली आणि गाणं लावून इंचभर ब्रशने झपझप फटके मारले. वहीभर. त्यातले तीन निवडले, त्यांवर चौकटी पाडल्या, आणि त्याच प्रमाणात कॅनव्हासवर खडूने मोठे केले. पानावर ज्या फटक्याला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा वेळ लागला, तो कॅनव्हासवर भरायला दुपार जाते. ब्रशच्या केसांनी सोडलेली बारीक फट तिथे बोटभर रुंद होते आणि तीसुद्धा जशीच्या तशी रंगवावी लागते.

हे काम कंटाळवाणं आहे. पण आकार बघताना हात वेगाने गेलाय हे कळतं, आणि तरी आकार हलत नाही. पाहिजे तेच.

२४ जून

पाऊस लागून राहिला. हवेत इतका दमटपणा की ॲक्रिलिक वरून वाळतं, खाली ओलं. बोट लावलं तर साय सरकते. थरांच्या मध्ये एक दिवस सोडायचा ठरवला.

चित्रकार वासुदेव गायतोंडे आठवले. नागपूरला १९२४ मध्ये जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. चे. रोलर आणि नाइफने रंग लावायचा, कागदाचे तुकडे चिकटवून रंग उचलायचा, आणि मधले कितीतरी दिवस नुसतं बसून बघायचं. वर्षाला मोजकीच चित्रं. त्यांच्या चित्रांतली शांतता माझ्या गाण्याच्या दुसऱ्या टोकाची आहे, पण थराखालून थर उजळण्याचं तंत्र मला जसंच्या तसं उपयोगी आहे. रात्री वर्तमानपत्राचे तुकडे ओल्या काळ्यावर दाबून उचलून बघितले. छान डाग पडतात. फार छान. गायतोंड्यांचेच वाटतात, म्हणून वरून रोलर फिरवला.

२५ जून

आज काम नाही, वाचन. संगीताचं चित्र करण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, रागमाला. तोडी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्याभोवती हरणं; आसावरी म्हणजे सापांच्या संगतीत बसलेली. पण तिथे रागाला माणूस करून टाकलेलं असतं. संकेत माहीत असेल तर राग ओळखता येतो. चित्र बघून तो ऐकू येईलच असं नाही. (जम्मूकडच्या बसोहली शैलीतल्या काही पानांतला नुसता सपाट पिवळा मात्र कधी कधी खरंच वाजतो, हरणं नसती तरी वाजला असता.)

दुसरीकडे रशियन चित्रकार कँडिन्स्की. २ जानेवारी १९११ रोजी म्युनिकमध्ये त्याने संगीतकार शोनबर्गची मैफल ऐकली आणि पुढच्या काही दिवसांत 'इंप्रेशन ३ (मैफल)' रंगवलं. पिवळ्याचा प्रचंड लोट आणि वर काळा त्रिकोणी ढीग. तो ढीग म्हणजे पियानो, हे एकदा कळलं की खालचे डाग श्रोते होतात, आणि मग ते पुसता येत नाहीत. माझं सगळ्यांत आवडतं त्यातलं म्हणजे पिवळा. मैफलीत पिवळं काहीच नव्हतं. तो आवाजाचा आहे.

माझ्या चित्रात पियानो होईल असा कोणता आकार आहे का, हे उद्या बघायचं.

२६ जून

आहे. डावीकडचा मोठा ठोका, खालून जरा रुंद, वर निमुळता. मित्राला फोटो पाठवला, त्याचं उत्तर : "धरणाची भिंत?" तो आकार उलटा केला. वर रुंद, खाली निमुळता. आता भिंत वाटत नाही, आणि वजन डोक्यावर आलं.

२९ जून

उलटा प्रतिध्वनी. या नोंदीची मी वाट बघत होतो.

नेहमी नाइफने रंग ओढला की सुरुवातीला रंग जाड असतो, कडा ठसठशीत असते, आणि ओढत जाताना तो विरत जातो. म्हणजे आधी आघात, मग शेपूट. आपण डावीकडून उजवीकडे वाचणारी माणसं, त्यामुळे डावीकडे कडा आणि उजवीकडे विरणं हे डोळ्याला साध्या प्रतिध्वनीसारखं वाटतं. मला पाहिजे आधी शेपूट, मग आघात : काहीच नाही, मग धूसर, मग दाट, आणि अचानक कापलेली कडा.

उजवीकडून डावीकडे ओढून बघितलं. होतं, पण उजव्या हाताला तो झोक सवयीचा नाही, रंग थरथरत जातो. मग स्टुडिओतल्या लोकांनी टेपचं जे केलं तेच कॅनव्हासचं केलं. सुतारकाकांना बोलावून दोघांनी मिळून तो पुरता उलटा केला, डोकं खाली. नेहमीसारखा डावीकडून उजवीकडे शेवाळी रंग ओढला, वाळू दिला, आणि पुन्हा सरळ केला. खुणा उलट्या झाल्या. कुठल्याही हाताने काढल्यासारख्या वाटत नाहीत.

यातून न मागता एक गोष्ट मिळाली. उलट्या कॅनव्हासवर जिथे रंग पातळ होता तिथे ओघळ आले होते. सरळ केल्यावर ते ओघळ वर चढलेले आहेत. पाण्याचा संबंध सुटला, कारण पाणी वर चढत नाही; आणि तरी काहीतरी वाढतंय, वर येतंय, हे राहिलं. ओघळ पुसणार नाही.

काकांनी मागे ठेवलेला प्लायवूडचा आधार तसाच ठेवलाय. नाइफचा दाब दिला की मोकळा कॅनव्हास पोटासारखा आत जातो आणि कडा तुटते.

२ जुलै

पोकळीचे थर. सहावा, मॅट. काही विशेष नाही.

४ जुलै

सातवा, ग्लॉस. आज दुपारी ढग फाटून खिडकीतून ऊन आलं आणि मधला सगळा काळा एकदम खोल गेला. दरवाजातून बघताना डावीकडच्या आकाराच्या मागे जागा आहे असं वाटतं. दोन पावलं पुढे आलो की जागा बुजते. सूलाजचा हिशेब जमला.

फक्त ठोक्यांचे आकार आता फार स्पष्ट वाटतात. जिन्यात ठोक्याला धार नव्हती. ओल्या चिंधीने कडा पुसण्याऐवजी प्रत्येक आकाराची एक सावली थोडी सरकवून, अर्ध्या टोनने, मागे घातली. एकोरेकचा दुसरा ठोका. दोन्ही कडांमधलं अंतर दोन बोटं ठेवलं. तीन बोटं करून बघितलं तर ती दुसरी वस्तू दिसते, एक बोट केलं तर छपाई हलल्यासारखी. दोन बोटांवर ती घुमते.

७ जुलै

आवाज. म्हणजे गायकाचा. आतापर्यंत चित्रात गायक नाही आणि मला तो नकोच होता; गाणं मी जवळजवळ वाद्यसंगीत म्हणूनच ऐकतोय. पण शेवटच्या दीड-दोन मिनिटांत सगळं गरगरत असताना तो एकटा जागेवर राहतो, आणि तो नसता तर ते गरगरणं कळलंच नसतं. फिरणारं काही दाखवायचं तर न फिरणारं एक ठेवावं लागतं.

मधल्या रेषेच्या किंचित वर, साधारण तळहाताएवढी उभी फट, जिथे मी सुरुवातीच्या राखाडी जेसोवर, म्हणजे कॅनव्हासच्या अस्तरावर, काहीच लावलेलं नव्हतं. तिच्याभोवती आज रबरी स्क्वीजीने ओला काळा अर्धगोलात फिरवला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. फटीला हात लावला नाही. चित्रातला सगळ्यांत कमी रंगवलेला भाग तोच आहे आणि नजर आता पहिल्यांदा तिथे जाते.

मेम्फिस मिनीचं नाव १९७१ च्या अल्बमवर बँडच्या चौघांसोबत श्रेयात छापलेलं आहे. जो मॅकॉयचं नाही. १९२९ मध्ये गायला होता तो जो. फटीचा राखाडी रंगवायचा नाही, हे आज पक्कं केलं.

१० जुलै

मित्र बघायला आला. गाणं लावलं नव्हतं. बराच वेळ काही बोलला नाही, मग बाजूला सरकला, मग पुन्हा समोर. म्हणाला, "खालचा उजवा भाग बोलतोय जास्त." खरं होतं. तिथे हार्मोनिकाच्या खुणा दाटीने आल्या होत्या. दोन ठेवल्या, बाकीच्यांवर आयव्हरी ब्लॅकचा पातळ थर देऊन त्यांना मागे ढकललं. पुरत्या झाकल्या नाहीत.

मग त्याने फोनवर गाणं लावलं, आणि चित्र पाच मिनिटांत छोटं झालं. आवाज इतका मोठा आहे की चित्र त्याची पार्श्वभूमी होऊन बसतं. बघणारा मग गाण्यातलं काय कुठे आहे ते शोधायला लागतो. त्याने स्वतःच बंद केलं.

१४ जुलै

पूर्ण. सही मागे.

वॉर्निश देणार नाही. एकसारखा चमकदार थर वरून आला की मॅट आणि ग्लॉसमधला फरक जाईल आणि पोकळीच राहणार नाही. धुळीचं काय, असं सुतारकाकांनी विचारलं. मऊ ब्रशने झटकायची.

लावताना : उजेड एकाच बाजूने, डावीकडून. समोरून दिवा नको. चित्राच्या पुढे कमीत कमी दहा फूट मोकळी जागा हवी, नाहीतर बघणाऱ्याला बाजूने सरकता येत नाही. पाटीवर गाण्याचं नाव द्यायचं की नाही यावर मित्राचं आणि माझं एकमत झालेलं नाही. त्याचं म्हणणं, दिलंच पाहिजे, नाहीतर लोकांना कसं कळणार. माझं म्हणणं, नाव दिलं की लोक पाणी शोधतील. तूर्त पाटीवर माप आणि माध्यम एवढंच लिहिलंय, आणि खोलीत स्पीकर ठेवायचा नाही एवढं तरी दोघांना मान्य आहे.